कंगवा न लावता

महानंदाच्या पाया पडायचं ठरलं तेव्हा पहिली अडचण आली ती दिशेची. जट मागे, मानेवर. पाय पुढे. आत्तींनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, क्षणभर विचार केला, हळदीकुंकवाचं ताट उचललं आणि महानंदाच्या पाठीमागे जाऊन उकिडव्या बसल्या. महानंदा पाटावर बसून लेकराला पाजत होती. तिला मागे वळताही येईना. आत्तींनी तिच्या मानेवरच्या त्या गुंत्याला हळद लावली, कुंकू लावलं, कपाळ टेकलं, आणि गुडघ्यांवर हात ठेवून उठताना मला म्हणाल्या, "शालन, तूही पड."

मी त्या घरातली थोरली सून. महानंदा माझ्या दिराची बायको, माझ्याहून आठ वर्षांनी लहान, घरात येऊन दोन वर्षंही झाली नव्हती. मी नऊ वर्षं त्या चुलीपुढं काढली होती, आणि आत्तींनी माझ्याकडे मान वर करून बघितलं असेल तर ते भाकरी करपल्यावर. आता धाकटीच्या पाठीमागे वाकायचं होतं. वाकले. जटेला ओल्या गोणपाटासारखा आंबूस वास येत होता. मी मनात देवीला म्हटलं, आई, तू खरंच इथं राहात असशील तर तुझ्या सोसण्याची कमाल आहे.

ही पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. आमचं गाव कृष्णेच्या काठी, नदी ओलांडून थोडं गेलं की कर्नाटक लागतं. आमच्या भागात बाईच्या केसांत गुंता होऊन त्याची दोरी वळली की तिला जट म्हणत, आणि जट म्हणजे डोंगरावरच्या आईनं त्या बाईला आपली म्हणून निवडलं. मग त्या केसांना कंगवा लावायचा नाही, कात्री लावायची नाही. लावली तर घरातलं कोणीतरी जाणार, अशी भीती. मंगळवारी चंद्राबाई जोगतीण दारात आली. डोक्यावर आईची परडी घेऊन ती सात-आठ गावं जोगवा मागत फिरायची. तिनंच महानंदाच्या मानेवरचं फडकं बाजूला करून बघितलं आणि हात जोडले. नऊ दिवसांवर पौर्णिमा होती. त्या दिवशी ती येऊन जटेत भंडारा भरणार होती. एकदा भंडारा भरला की जट जन्माची.

म्हणजे महानंदा जन्मभर आईची, आणि मी जन्मभर तिच्या मागे उकिडवी बसणारी. एवढं सरळ होतं ते.

मला दोन मुली. महानंदाला पहिल्याच खेपेला मुलगा झाला. तो मी गिळला. गिळला म्हणजे, गिळता येईल तेवढा गिळला. पण जट काही घशाखाली उतरेना. शुक्रवारपासून घर पालथं झालं. महानंदानं चुलीपुढं बसायचं नाही, कारण केसांना धूर लागतो. महानंदानं पाणी ओढायचं नाही, कारण डोक्यावर घागर येते. तिला दुपारी झोपू द्यायचं, कारण आई अंगात असली की बाई थकते. घरात कान असलेला एकच कप होता, तो पाहुण्यांसाठी फळीवर वरती पालथा असायचा. तो तिच्यासाठी खाली आला. कधी नव्हे ते आमच्या ह्यांनी बाजारातून केळीचा घड आणला आणि उंबऱ्यातूनच म्हणाले, देवीपुढं ठेव. आमचं लग्न झाल्यापासून त्यांनी मला केळ्याचं साल आणून दिलं नव्हतं.

ते सगळं मी सोसलं असतं असं आता म्हणायला सोपं आहे. पण रविवारी सकाळी माझी थोरली पद्मा, सात वर्षांची, केस विंचरून घेईना. दोन्ही हातांनी डोकं धरून बसली. काय झालं विचारलं तर म्हणाली, मला पण जट पाहिजे, मग मला पण कपातून चहा मिळेल. मी तिला एक धपाटा घातला. धपाटा तिला बसला, पण तो तिचा नव्हता, हे मला त्याच वेळी कळलं होतं.

पौर्णिमेच्या दोन दिवस आधी मिरजेला आत्तींच्या भाचीचं लग्न होतं. घर झाडून सगळे निघाले, माझ्या मुलीही. महानंदाला नेता येत नव्हतं, आणि देवीजवळ कोणीतरी पाहिजे म्हणून मला ठेवलं. टेम्पो आठ वाजता गेला. धूळ खाली बसायच्या आत मी परसातली चूल पेटवली आणि मोठ्या पातेल्यात पाणी ठेवलं.

महानंदा उंबऱ्यावर बसून जटेत एक बोट खुपसून खाजवत होती. मी विचारलं, डोकं खाजत नाही का गं. म्हणाली, खाजतंय, झोप येत न्हाई इतकं खाजतंय. मग धुऊ, मी म्हटलं. तिचा चेहरा उतरला.

"चंद्राबाईनं सांगितलंय की, अक्का."

"काय सांगितलंय?"

"कंगवा लावायचा न्हाई. कात्री लावायची न्हाई."

"पाणी लावायचं नाही म्हणाली?"

तिनं आठवून बघितलं. "पाण्याचं काय बोलली न्हाई."

"आणि माझ्या बोटांचं?"

तिनं माझ्या बोटांकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे. जरा जास्त वेळ पाहिलं, असं मला नंतर वाटलं. "बोटांचं बी न्हाई," ती म्हणाली आणि लेकराला झोळीत घालायला उठली.

आता हे मी कुठं शिकले ते सांगायला हवं, कारण आमच्या गावात तेव्हा केसांना खोबरेल आणि शिकेकाई सोडून तिसरं काही ठाऊक नव्हतं. माझे स्वतःचे केस कुरळे आहेत, महानंदासारखे दाट नाहीत, राठ आहेत, पण कुरळे. लहानपणी माझी आई मला गुडघ्यांत दाबून कोरडे केस विंचरायची आणि मी गल्ली डोक्यावर घ्यायचे. तेराव्या वर्षी एकदा आमची म्हैस व्याली. व्यालेल्या म्हशीला जवस शिजवून घालतात. मी ते पातेलं ढवळत होते आणि माझ्या वेणीचं टोक आत पडलं. शेंबडासारखं बुळबुळीत झालं. मी शी म्हणून धुऊन टाकलं, पण सगळं काही गेलं नाही. दुपारी बघते तर तेवढं टोक वाळून अंगठीसारखं गोल वळलेलं, मऊ, चमकणारं. बाकीची वेणी तशीच काथ्यासारखी. त्या दिवसापासून म्हशीच्या वाटणीतलं थोडं जवस मी चोरायला लागले. आईला सांगितलं नाही. म्हशीनंही सांगितलं नाही.

तर मी जवस उकळायला टाकले. पळीवरून तार लोंबायला लागली, अंड्याच्या पांढऱ्यासारखी, की लगेच गाळायचं. ह्यात एक मेख आहे. निवू द्यायचं नाही. निवलं की ते फडक्यातून खाली उतरत नाही, बिया आणि बुळबुळ एकजीव होऊन बसतात. हात भाजतो, पण गरम असतानाच पिळायचं. मी ह्यांचं एक जुनं, विरलेलं धोतर फाडलं आणि त्यातून गाळलं. तांब्याभर निघालं. महानंदाला न्हाणीजवळच्या दगडावर उन्हाकडे तोंड करून बसवलं, मी मागे पाट घेऊन बसले. पुन्हा पाठीमागेच, पण ह्या वेळी हातात ताट नव्हतं.

मधली जट माझ्या तीन बोटांएवढी जाड होती, आणि दोन्ही बाजूंना दोन बारक्या. आधी त्यांवरच्या हळदीकुंकवाचं, धुळीचं लाल पाणी मांडीवरून वाहून गेलं. मग गरम पाणी घालून भिजवत ठेवली. अर्धा तास नुसती भिजवली. कुरळा केस तहानलेला असतो. तो कोरडा असताना त्याला हात लावला की तो शेजारच्या केसाला मिठी मारतो आणि सोडत नाही. पोटभर पाणी प्यायला की जरा भानावर येतो. पाणी पिऊन झाल्यावर मी जवसाची बुळबुळ जटेत दाबून दाबून भरली, जशी पुरणात वेलची मुरवावी तशी, आणि शेंड्याला हात घातला.

शेंड्यापासून वर जायचं. मुळाकडून सुरुवात केली की गुंता खाली सरकतो आणि आणखी गच्च होतो. दोन बोटांत चार केस धरायचे, ओढायचे नाहीत, बाजूला सारायचे. सुटले तर सुटले, नाही तर पुन्हा पाणी, पुन्हा बुळबुळ. पहिली बट सुटली तेव्हा ती बोटभर लांब होती आणि माझ्या करंगळीला गुंडाळून बसली. मला इतका आनंद झाला की विचारू नका. पण तो महानंदाच्या सुटकेचा आनंद नव्हता. प्रत्येक सुटणाऱ्या बटेबरोबर मला तो कानाचा कप उलटा फळीवर चढताना दिसत होता.

पुढं बऱ्याच वर्षांनी लोकांनी मला फार चांगलं म्हटलं. एका महिला मंडळानं तर शाल-श्रीफळ दिलं, अंधश्रद्धेच्या विरोधात उभी राहिलेली गावातली पहिली बाई म्हणून. मी नारळ घेतला. माझ्यात तसलं काही उभं राहिलं नव्हतं. मला फक्त ती माझ्यापेक्षा वर बसलेली बघवत नव्हती.

बारा वाजले. दोन्ही बारक्या जटा सुटल्या, मधली अर्धी राहिली. महानंदा अवघडली होती, पण हूं की चूं करत नव्हती. मध्ये दोनदा लेकरू उठलं, तिनं तसंच ओल्या केसांनी पदराखाली घेतलं, मी हात थांबवले नाहीत. माझ्या बोटांची टोकं पाण्यानं पांढरी पडून सुरकुतली होती, आणि बारीक केसांनी त्यांना चिरा पाडल्या होत्या. बाजूला तुटलेल्या, गळलेल्या केसांचा मूठभर गोळा साठला होता.

"अक्का, एक सांगू?" ती म्हणाली. "जट आल्यापासून मी दुपारची झोपतेय."

मी म्हटलं, हं.

"बाळंतपण सोडलं तर लगीन झाल्यापासून पहिल्यांदाच." थोडं थांबून म्हणाली, "ही गेली की परत पहाटे भाकऱ्या मीच ना?"

कामाच्या वाटण्या मी करत होते. आत्तींनी ते थोरलीकडे सोपवलं होतं. पहाटेच्या भाकऱ्या, गोठा आणि नदीवरची धुणी मी महानंदाच्या वाटणीला लावली होती, बाळंतपणाचा सव्वा महिना संपल्याच्या दुसऱ्या दिवसापासून. मी म्हटलं, बघू, आणि जटेत जास्तीची बुळबुळ ओतली.

मग मी गाभ्यापर्यंत पोचले. मानेलगत, अगदी मुळाशी, जट दगडासारखी होती. तिथं नख घालून मी थोडं उकललं आणि आतून काहीतरी तपकिरी, खरखरीत बाहेर पडलं. तळहातावर घेऊन बघितलं. शिकेकाईचा चोथा होता. वाळून केसांबरोबर विणला गेला होता. त्याच्यावर केस, त्यावर केस, आणि सगळ्यात आत तो.

इथपर्यंत जे सांगितलं नाही ते आता सांगते.

महानंदाला आई नव्हती. म्हणून पहिलं बाळंतपण असूनही ते सासरीच झालं, आणि बाळंतिणीला न्हाऊ घालायचं काम घरातल्या थोरलीचं, म्हणजे माझं. सव्वा महिना रोज मी तिला न्हाऊ घातलं. तिचं अंग चोळलं, पोट बांधलं, धुरी दिली, लेकराला पायांवर घेऊन तेल लावलं. कोणी बोट ठेवू नये असं केलं. फक्त केसांचं एवढंच करायचे की शिकेकाई थापायची, वरून दोन तांबे पाणी ओतायचं, आणि ते तसेच ओले केस फडक्यात घट्ट बांधून टाकायचे. चोथाही नीट काढायचा नाही. विंचरायचंही नाही. मला बाकी काही कळत नव्हतं तरी एवढं कळत होतं. कुरळे केस ओले, घट्ट बांधून, उशीवर घासत सव्वा महिना ठेवले तर काय होतं, हे त्या गावात माझ्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. तेराव्या वर्षापासून ठाऊक होतं. आणि सव्वा महिना संपल्यावर तिला डोक्यावरून हात फिरवायलाही सवड राहणार नाही अशी कामं मीच लावली होती.

तिला जट यावी असं मी ठरवलं नव्हतं. तिला मुलगा झाला होता, तो हातपाय मारत होता, सगळे त्याच्याभोवती गोळा होत होते. मला एवढंच वाटत होतं की तिचं काहीतरी बिघडावं. मोठं नाही. थोडंसं.

"थांबलात का, अक्का?"

"काही नाही. चोथा निघाला."

"शिकेकाईचा?"

मी तो मुठीत मिटून घेतला. ती मागे वळली नाही. उन्हाकडे बघत, नेहमीच्या आवाजात म्हणाली, "मला ठाऊक हाय."

"काय ठाऊक आहे?"

"तुम्ही विंचरत न्हवता ते. कंगवा तिथंच कोनाड्यात असायचा. मला पडल्या पडल्या दिसायचा."

"मग मागायचा होतास."

"मागितला की. दोनदा. तुम्ही म्हणाला, उद्या."

मला आठवत होतं. मी म्हटलं, "आत्तींना सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर तुम्ही मला हातच लावला नसता. मग न्हाऊ कुणी घातलं असतं? मला आई न्हाई."

तिनं हे भांडणासारखं म्हटलं नाही. बाजाराला जाताना मीठ संपलंय म्हणावं तसं म्हटलं. मी तिच्या मागे बसले होते, ते बरं होतं. झोळीतलं लेकरू चुळबुळलं, तिनं पायाच्या अंगठ्यानं दोरी ओढून त्याला झोका दिला.

"मग आज का सोडवायलाय?" तिनं विचारलं.

खोटं सांगण्यासारखं बरंच काही होतं. तुला खाजतंय म्हणून. तुझं पुढं कसं होणार म्हणून. माझ्या हातात तो चोथा होता, आणि हात इतके थकले होते की खोटं उचलायची ताकद नव्हती.

"तुझ्या पाया पडावं लागतंय म्हणून," मी म्हटलं.

ती हसली. आधी खांदे हलले, मग पाठ, मग डोकं इतकं हलायला लागलं की हातातली बट सुटली. लेकरू दचकून उठलं आणि रडायला लागलं तरी ती हसतच होती. मी तिला ओरडले, नीट बस, ओढलं जाईल. मग मलाही हसू आलं, आणि त्यातच कुठंतरी मी रडले, पण ते तिला दिसलं नाही.

शेवटचा गुंता साडेतीनला सुटला. खालची कातडी लाल झाली होती, दोन ठिकाणी फोड होते. त्यांना मी हळद लावली, देवीची नव्हे, डब्यातली. केस दोनदा स्वच्छ धुतले. मग पाणी गळत असतानाच उरलेली बुळबुळ हातांवर घेऊन सगळीकडे लावली, डोकं खाली वाकवून एकेक ओंजळ केस शेंड्याकडून वर उचलून दाबले. चुरून नाही, पिळून नाही. ओंजळीत कबूतर धरावं तसं दाबायचं आणि सोडायचं. केस पंच्यानं खसाखसा पुसले की सगळं मुसळ केरात, म्हणून धोतराच्या मऊ तुकड्यानं नुसतं टिपलं. तिला सांगितलं, आता वाळेपर्यंत हात लावायचा नाही. ती लेकराला मांडीवर घेऊन मान ताठ ठेवून बसली. वाळल्यावर केस कडक झाले, पापडासारखे. तिचा चेहरा पडला. मी हातावर खोबरेलाचा एक थेंब चोळला, त्या हातांनी केस हलकेच कुस्करले, आणि तो कडकपणा मोडून आतून बाहेर पडलं ते मी पुढं किती केसांत शोधलं, तसं मला पुन्हा सापडलं नाही. द्राक्षाच्या वेलीचे कोवळे तणावे असतात ना, काडीला धरून वळत गेलेले, तशी एकेक बट. काळीभोर. खांद्यांवर, पाठीवर, कानांपाशी. अर्धे केस गळून गेले तरी हे एवढे होते.

मी आरसा आणून दिला. तिनं बघितलं. मी तिच्या मागून बघितलं. त्या आरशात तिचं तोंड होतं आणि वर कोपऱ्यात माझं, घामानं चिकटलेल्या राठ केसांचं. जट होती तेव्हा मी जळत होते ते काहीच नाही असं मला वाटलं. आणि तिला ह्या रूपात आणलं होतं माझ्याच दहा बोटांनी.

दिवस मावळता टेम्पो आला. आत्ती उतरल्या, परसात आल्या आणि हातातली शिदोरीची पिशवी घेऊन तशाच खाली बसल्या. त्यांचं तोंड पांढरं झालं. कोणी केलं हे, एवढंच त्यांनी विचारलं. मागे दीर, आमचे हे, मुली, सगळे थिजून उभे. मी एक वाक्य दिवसभर घोळवून ठेवलं होतं, आईनंच सोडली म्हणून. ते ओठांपर्यंत आलं आणि तिथंच बसलं. आता महानंदानं खरं सांगितलं तर मी संपले, एवढं एकच मला दिसत होतं. नऊ वर्षांची चूल, थोरलेपणा, सगळंच.

महानंदा आत्तींपुढं कधी मान वर करून बोलली नव्हती. ती उठली.

"कंगवा लावला न्हाई," ती म्हणाली. "कात्री लावली न्हाई. अक्कांनी पाणी घातलं, आणि सुटली."

ह्यातला शब्द न् शब्द खरा होता. आत्तींनी जवळ येऊन एकेका बटेचं टोक दिव्याजवळ धरून तपासलं. कापलेलं काही दिसलं नाही. कंगवा तर कोनाड्यातच, कोरडा ठणठणीत. त्या रात्रभर देवापुढं बसल्या, आणि सकाळी पहिला माणूस धाडला तो चंद्राबाईकडे.

चंद्राबाई आली. तिनं महानंदाच्या केसांत हात घातला, बराच वेळ. मग माझे दोन्ही हात ओढून घेतले आणि उलटे केले. बोटांची टोकं अजून सुजलेली होती, चिरांवर खपल्या धरत होत्या. तिनं त्यांच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. चाळीस वर्षं ती बायकांची डोकी बघत फिरत होती. मला वाटतं तिला सगळं कळलं.

"आईनं हिच्या हातानं सोडवून घेतली," ती आत्तींना म्हणाली. तो गळलेल्या केसांचा गोळा तिनं मागून घेतला आणि परडीत ठेवला. आत्तींनी सुटकेचा श्वास टाकला. मीही टाकला. तेवढ्यात महानंदा म्हणाली, "आई आणखी एक बोलली."

सगळ्यांनी हात जोडले. मीही जोडले, न जोडून सांगते कोणाला.

"दर शुक्रवारी अक्कांनीच माझं डोकं धुवायचं. दुसऱ्या कुणी न्हाई. अन् त्या दिवशी मी चुलीपुढं जायचं न्हाई, दुपारची झोपायचं."

"किती शुक्रवार?" आत्तींनी विचारलं.

महानंदानं माझ्याकडे सरळ बघितलं. त्या नजरेत राग असता तर मला सोपं गेलं असतं. "ते न्हाई बोलली," ती म्हणाली. "जन्मभर असणार."

चंद्राबाईनं परडी डोक्यावर चढवली. तिच्या तोंडाची एक कड हलली, पण तिनं ती आवरली. आई बोलली म्हणजे बोलली, असं म्हणून ती निघाली. मी तोंड उघडलं असतं तर सगळंच उघडं पडलं असतं. म्हणून मी मान डोलावली.

पहिले काही शुक्रवार मी मुद्दाम जरा जोरात ओढायचे. ती फक्त पायाचा अंगठा दुमडायची. मला तो दिसायचा. मग ओढायचं सुटलं. मग मला त्या डोक्याचं सगळं पाठ झालं, कुठली बट लवकर कोरडी पडते, पावसाळ्यात किती बुळबुळ लागते, थंडीत किती थेंब तेल. पुढं घराच्या वाटण्या झाल्या, आम्ही जयसिंगपूरला आलो, आणि मी पुढच्या खोलीत एक आरसा टांगून दुकान मांडलं. लांबलांबून कुरळ्या केसांच्या मुली येतात. मोबाईलवर व्हिडिओ बघून आलेल्या असतात, कुठला क्रीम, कुठला जेल विचारतात. मी त्यांना ओले केस, शेंड्यापासून बोटं, आणि दाबायचं, पिळायचं नाही, एवढंच शिकवते. मावशी, तुम्ही कुठं शिकलात, विचारतात. मी म्हणते, घरीच.

शुक्रवारी दुकान बंद असतं. महानंदा साडेदहाच्या एसटीनं येते. आत्ती गेल्या, चंद्राबाई गेली. तो मुलगा आता पुण्यात नोकरीला आहे, आणि माझी पद्मा दोन पोरांची आई आहे. फसवायला कोणी उरलेलं नाही. मागच्या दिवाळीनंतर मी तिला म्हटलं, महानंदा, आपण दोघी म्हाताऱ्या झालो, माझे गुडघे दुखतात, आता कोणापुढं देवीचं नाव राखायचंय, सोडून दे की मला.

तिनं पाट पुढं ओढला, अंबाडा सोडला आणि माझ्याकडे पाठ करून बसली. केस पांढरे झालेत, पण अजून माझ्या दुप्पट आहेत. मला अजून बघवत नाही. मी पाणी मनगटावर घेऊन बघितलं, तिला सोसेल एवढं आहे का, आणि तिच्या डोक्यावर हळूहळू ओतायला लागले.